खिशातली शाळा उसाच्या फडावर चालेल का?

दसरा सरला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार भागातली गावं रिकामी होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली टोळी पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात जाते. पट्टा पडेपर्यंत मुक्काम तिकडेच. शाळा इकडे अन् पोरगं तिकडे!

अशा पोरांना मोबाईलवरच्या शिक्षणाचा आधार होऊ शकतो. मोबाईल शिक्षण म्हणजे विद्यार्थी जिथे असेल तिथे, सवडीप्रमाणे शिकणे. केंद्र सरकारने २०१७ साली 'दीक्षा' हे अ‍ॅप सुरू केले. पाठ्यपुस्तकावर ठिपक्यांचा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड असतो. त्यावर अ‍ॅपमधून कॅमेरा धरला की त्या धड्याचे साहित्य समोर येते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो अशाच कोडच्या कामाबद्दल.

पण शेतकरी बंधूंनो, खरी गोम वेगळीच आहे. फोन कुणाचा? घरात फोन एक, तो बापाच्या खिशात. बाप पहाटेपासून फडात. कोपीवर चार्जिंगची मारामार. पोरगं आजी-आजोबांजवळ गावी राहिलं, तर फोन त्याच्यापासून शेकडो कोस दूर. २०२० साली कोरोनात शाळा बंद झाल्या, धडे फोनवर आले, तेव्हा एका फोनवर तीन भावंडांची ओढाताण आपण पाहिलीच आहे. फोन ज्याच्या हाती, शिक्षण त्याच्या हाती!

म्हणून निघण्याआधीच तयारी करा. गुरुजींना भेटून धडे फोनमध्ये उतरवून घ्या. उतरवलेले धडे रेंज नसली तरी चालतात. रात्री जेवणानंतर तासभर फोन पोरांचा, असं ठरवून टाका. त्यात पोरीचा वाटा पोराइतकाच. पुस्तकं, वह्या मात्र बोचक्यात हव्यातच.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी टोळ्या हलण्यापूर्वी मुलांची यादी करावी. गावी राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत धाडावा, जाणाऱ्यांना शिक्षण हमी पत्रक मिळाले का ते पाहावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला फडाजवळच्या शाळेतही बसता येते.

फोन गुरुजींची जागा घेणार नाही. पण सहा महिने पाटी कोरी राहण्यापेक्षा रोजची दोन अक्षरं बरी. नाहीतर बापाचा कोयता पोराच्या हाती जायला वेळ लागत नाही.