मिशी, चमकी आणि व्याकरण

दादर स्टेशनात समोरासमोरच्या फलाटांवर उभी दोन पोरं गप्पा मारत असतात. मध्ये रूळ, लोकलचा खडखडाट. इतरांना शेजारच्याचं धड ऐकू येत नाही, या दोघांचं बोलणं मात्र सुरळीत चालू. बघणारे हळहळतात, ‘बिचारे मुके, हातवाऱ्यांवर भागवतात.’

मुके? कर्णबधिर माणसाचा गळा आणि जीभ सहसा धडधाकट असते. शब्द कानावर पडत नाहीत, म्हणून उच्चार अवघड जातात. आणि हातवारे तर आपण सगळेच करतो, अगदी फोनवरसुद्धा. जन्मांध माणसंही बोलताना हात हलवतात. पण ते हात बोलण्याच्या सोबतीला असतात. सांकेतिक भाषेत हात हेच बोलणं. हाताचा आकार, त्याची जागा आणि हालचाल यांतून तिथे शब्द घडतात, हे विल्यम स्टोकी यांनी १९६० साली अमेरिकी सांकेतिक भाषेचा अभ्यास करून दाखवलं.

आपली भारतीय सांकेतिक भाषा बघा. ओठावर मिशी दाखवली की पुरुष, नाकाशी चमकीच्या जागी बोट टेकवलं की बाई. त्यापुढे ‘मूल’ची खूण आली की मुलगा किंवा मुलगी. ‘तू कुठे जातोस’ हे ‘तू जाणं कुठे’ असं होतं, प्रश्नाचा शब्द शेवटी. भुवया उंचावणं हेही व्याकरणच. म्हणजे ही हातांनी केलेली मराठी नव्हे. मराठी घरातला आणि तमिळ घरातला कर्णबधिर तरुण या भाषेत थोड्याफार फरकानं गप्पा मारू शकतात. त्यांच्या आयांना ते जमणार नाही.

सांकेतिक भाषा जगभर एकच आहे, असंही नाही. इंग्लंड-अमेरिकेची इंग्रजी एक, खुणांच्या भाषा मात्र परस्परांना न कळणाऱ्या. निकाराग्वात १९७७ नंतर कर्णबधिर मुलं प्रथमच मोठ्या संख्येनं शाळांत एकत्र आली. शिक्षक स्पॅनिश बोलायला शिकवत होते, आणि मुलांनी खेळताना, बसमधून जाता-येता आपली नवी भाषा घडवली.

सगळ्यांत घातक समज वेगळाच आहे: खुणा शिकवल्या तर मूल बोलायला शिकणार नाही. १८८० साली मिलानच्या परिषदेत कर्णबधिरांच्या शिक्षकांनी असंच ठरवलं आणि अनेक देशांतल्या वर्गांतून खुणा हद्दपार झाल्या. ते ठराव फेटाळायला २०१० साल उजाडलं. खुणांमुळे बोलणं अडत नाही. भाषेविना गेलेली पहिली वर्षं मात्र भरून काढणं फार कठीण. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी येतात, आणि कानाला यंत्र बसेल, मग बोलेल, या आशेवर नेमकी तीच वर्षं निघून जातात. घरात खुणांची भाषा असली तर कर्णबधिर बाळ वर्षाच्या आसपास बोटांनी बडबडू लागतं.

दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा व्हिडिओ कोश २०२१पासून इंटरनेटवर आहे. ‘दूध’, ‘पाणी’, ‘आई’ एवढ्यापासून आजच सुरुवात करता येते.