उपचाराचा अधिकार कोणाला? अणदूरच्या ‘भारतवैद्यां’नी उभा केलेला प्रश्न

आरोग्य आणि तंत्रज्ञान हे दोन शब्द एकत्र आले की, शहरातील वाचकाच्या डोळ्यांपुढे सीटी स्कॅन, यंत्रमानवाच्या मदतीने होणाऱ्या शस्त्रक्रिया किंवा मोबाइलवरून मिळणारा डॉक्टरांचा सल्ला उभा राहतो. ही प्रगती मोलाची आहे, यात शंका नाही. मात्र तापाने फणफणलेल्या किंवा जुलाबाने कोमेजलेल्या मुलापर्यंत विज्ञान वेळेवर पोहोचते की नाही, हे पुष्कळदा यंत्राच्या किमतीवर ठरत नाही. ते साधन हाती घेण्याची मुभा कोणाला दिली आहे, यावर ते ठरते. हा प्रश्न धोरणाचा आहे आणि त्याचे एक ठळक उत्तर धाराशिव जिल्ह्यातील अणदूर या गावाने दिले आहे.

तुळजापूर तालुक्यातील अणदूर हे सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील गाव. नळदुर्ग आणि अणदूर या दोन गावांत वर्षाची वाटणी करून राहणाऱ्या खंडोबामुळे ते मराठवाड्याला परिचित आहे. आरोग्य क्षेत्रात मात्र त्याची ओळख ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’ या संस्थेमुळे झाली. डॉ. शशिकांत अहंकारी व डॉ. शुभांगी अहंकारी या दाम्पत्याने नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी येथे काम उभे केले. गावातीलच एखाद्या स्त्रीला प्रशिक्षण द्यायचे, किरकोळ आजारांवर प्राथमिक उपचार, गरोदर स्त्रियांची देखभाल आणि आरोग्यशिक्षण ही कामे तिच्यावर सोपवायची, हा त्यातील मुख्य विचार. या स्त्रियांना नाव मिळाले ‘भारतवैद्य’. ज्या समाजात ‘वैद्य’ म्हणजे पुरुष आणि तोही शिकलेला, अशी समजूत होती, तेथे हे नावच एक भूमिका मांडणारे होते.

सोपे, तरीही शास्त्रशुद्ध

शेतात राबणारी, शिक्षण अर्धवट राहिलेली स्त्री उपचार काय करणार, ही शंका स्वाभाविक आहे. तिचे उत्तर खुद्द वैद्यकशास्त्राच्या इतिहासात सापडते.

१९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांमध्ये कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यायच्या सलाइनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचे पाणी तयार करून रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजण्याचा निर्णय घेतला. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. आतड्यात साखर शोषली जाताना आपल्याबरोबर मीठ आणि पाणीही आत ओढून घेते, हे त्यामागील शास्त्र. जलसंजीवनीचे तयार पाकीट नसेल, तर घरगुती मात्राही ठरलेली आहे : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ही मात्रा अचूक पाळण्यासाठी पदवी लागत नाही; लागते ती शिस्त.

न्यूमोनियाचेही तसेच. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक असतील, तर खोकणाऱ्या मुलाला न्यूमोनिया असण्याची शक्यता धरून पावले उचलायची असतात. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी निरक्षर दायांसाठी मणी आणि वाळूचे घड्याळ जोडलेला एक श्वासमापक तयार केला. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबड्या मण्याची पाळी आली, तर तो धोक्याचा इशारा. वापरणाऱ्याची मर्यादा ओळखून घडवलेले तंत्रज्ञान म्हणतात ते हेच.

‘अर्ध्या ज्ञाना’ची भीती

बिगरडॉक्टरांच्या हाती औषध देण्यास वैद्यक व्यवसायातून नेहमीच विरोध झाला. तो सर्वस्वी निराधार नाही. प्रत्येक तापाला इंजेक्शन आणि प्रत्येक अशक्तपणाला सलाइन लावणाऱ्या बोगस डॉक्टरांनी खेड्यापाड्यांत किती अनर्थ केला, हे सर्वज्ञात आहे. परंतु बोगस डॉक्टर आणि प्रशिक्षित आरोग्यसेविका यांच्यात मूलभूत भेद आहे. पहिल्याच्या कामाला सीमा नसते. दुसरीला आपण कोठे थांबायचे आणि रुग्णाला केव्हा रुग्णालयात पाठवायचे, हेच आधी शिकवलेले असते.

हा भेद केवळ युक्तिवादाचा नाही. गडचिरोलीतील ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट झाल्याचे त्यात दिसून आले. नेमके प्रशिक्षण, नियमित देखरेख आणि ठरलेली कार्यपद्धती हे त्या यशाचे तीन खांब होते. यांपैकी एकही काढून घेतला, तर टीकाकारांची भीती खरी ठरू शकते, हेही तितकेच खरे.

धोरण झाले, दर्जा राहिला

या विचाराची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले. केंद्र सरकारने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ योजना आणली. साधारण एक हजार लोकसंख्येमागे एक कार्यकर्ती, असे सूत्र ठरले. २०११ पासून नवजात बालकांच्या गृहभेटीही तिच्याकडे आल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट आणि या साऱ्या फेऱ्या पूर्ण केल्यावर २५० रुपये मोबदला, असे तिचे स्वरूप ठरले.

येथेच धोरणातील विसंगती उघडी पडते. काम आरोग्य कर्मचाऱ्याचे. दर्जा मात्र ‘स्वयंसेविके’चा. मोबदला कामागणिक. मोबाइल आल्यावर ऑनलाइन नोंदींचा भार वाढला. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातील आशा संपावर गेल्या, तेव्हा मानधनाबरोबरच ऑनलाइन कामाची सक्ती हाही तक्रारीचा विषय होता. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने मानधनात पाच हजार रुपयांची वाढ केली. कर्मचारी म्हणून मान्यतेचा प्रश्न मात्र तिने सुटला नाही.

मण्यांचा श्वासमापक आणि नोंदींचे अॅप, दोन्ही तंत्रज्ञानच. पहिले सेविकेची नजर बाळाकडे वळवते. दुसरे, नीट आखले नाही तर, ती पडद्याकडे खेचते. वरच्या कार्यालयाला आकडे हवेत, हे मान्य; पण ते गोळा करताना बाळाजवळचा वेळ खर्ची पडत असेल, तर तो हिशेबही मांडायला हवा.

अणदूरच्या भारतवैद्यांनी विज्ञान गावातल्या माणसाच्या हाती सोपवता येते, हे दाखवले. सोपवताना प्रशिक्षण, देखरेख आणि न्याय्य मोबदला यांची जबाबदारी शासनाला टाळता येत नाही. पुढील अॅप किंवा यंत्र खेड्यात पाठवण्यापूर्वी ते ज्या स्त्रीच्या हाती जाणार आहे, तिला एकदा विचारून पाहण्याची प्रथा पाडली, तरी बरेच साधेल.