बी कुठलं, ते आधी विचारा

एप्रिल-मेमध्ये अमेरिकेच्या पूर्व भागात डॉगवूड फुलतो. पानं नीट उलगडायच्या आतच आडव्या फांद्यांवर पांढऱ्याशुभ्र ताटल्या मांडल्यासारख्या दिसतात. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनाही हे झाड अंगणात हवंसं वाटतं. मग कडक थंडीच्या गावात ते वर्षानुवर्षं फुलतच नाही आणि खापर मातीवर, खतावर फुटतं. त्याआधी बियाची चौकशी करायला हवी.

शास्त्रीय नाव कॉर्नस फ्लोरिडा. त्यामुळे हे फ्लोरिडाचं, उबदार हवेतलं झाड, असा अनेकांचा समज होतो. पण लॅटिनमध्ये ‘फ्लोरिडा’ या शब्दाचा अर्थ ‘फुलांनी बहरलेला’ एवढाच. राज्याशी त्याचा संबंध नाही. हे झाड कॅनडातल्या दक्षिण ऑन्टारिओपासून फ्लोरिडाच्या उत्तर भागापर्यंत आणि पश्चिमेला टेक्सासपर्यंत रानात आपोआप वाढतं. जात एकच, पण पिढ्यान् पिढ्या सोसलेले हिवाळे वेगवेगळे. म्हणून ‘डॉगवूड थंडीत टिकतो का?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कुठल्या रानातला डॉगवूड, ते सांगावं लागतं.

झाड जगलं म्हणजे त्याने थंडी सोसली, हा त्याहून मोठा गैरसमज. डॉगवूडची फुलकळी आदल्या उन्हाळ्यातच धरते आणि सगळा हिवाळा फांदीच्या टोकावर उघडी काढते. जानेवारीत ती जवळून बघा: राखाडी, चपटी, शर्टाच्या बटणाएवढी. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ते खरं तर चार छद आहेत; बोगनवेलीचे रंगीत कागदी भाग असतात, तसेच. खरी फुलं मधल्या पिवळसर हिरव्या झुबक्यात. हेच चार छद हिवाळाभर कळीला कवटाळून बसतात आणि वसंतात पसरतात. प्रत्येकाच्या टोकाची तपकिरी खाच ही त्या हिवाळ्याची खूण.

पानांच्या कळीपेक्षा ही फुलकळी थंडीला हळवी. दक्षिणेकडच्या बियाचं झाड उत्तरेत लावलं, तर पालवी दरवर्षी येते, पण फुलकळ्या गारठून मरतात. ब्लेडने कळी उभी कापा. आत हिरवी असेल तर जिवंत, काळी-तपकिरी असेल तर गेली. म्हणजे काटकपणा आणि सौंदर्य हे इथे वेगळे प्रश्नच नाहीत.

‘हळूहळू सवय होईल’ असंही म्हणतात. तसं होत नाही. वाढ कधी थांबवायची, हे झाड बरंचसं रात्रीच्या लांबीवरून ठरवतं, आणि किती लांब रात्र म्हणजे शरद, हे त्याच्या वंशातच लिहिलेलं असतं. दक्षिणेचं झाड उत्तरेत उशिरापर्यंत वाढत राहतं आणि पहिल्या हिमात कोवळ्या फांद्या सापडतात. याच्याच भाऊबंदातल्या लाल काड्यांच्या डॉगवूडवर मिनेसोटात १९६०च्या दशकात झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. हिवाळ्याची पूर्ण तयारी झाल्यावर त्याच्या काड्या द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंश सेल्सिअसमध्येही तगतात. फरक पडला तो तयारीच्या वेळेत. उत्तरेकडची झाडं शरदात आधी कणखर झाली.

बी फ्रिजमध्ये ठेवल्याने झाड काटक होतं, हेही खरं नाही. ओल्या वाळूतली तीन-चार महिन्यांची थंडी फक्त बियाची झोप मोडते.

मग उत्तरेचंच बी सगळीकडे लावावं? नाही. दक्षिणेत तिथल्याच हवेत मुरलेलं बी बरं.

गुलाबी डॉगवूडचं बी पेरून गुलाबीच फुलं मिळतील, ही आशाही धरू नये. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. गुलाबी वाणांची कलमं करतात. कलम घेतानाही तो वाण आपल्याइतक्या थंडीत दरवर्षी फुलतो का, हे विचारावं.

बी कुठलं याला महत्त्व फक्त डॉगवूडमध्येच नाही; बोस्टनच्या आर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानात लेबनॉनच्या देवदाराची हीच कथा. १९०२ मध्ये तुर्कस्तानच्या टॉरस डोंगरातल्या थंड उंचीवरून बी आणलं, तेव्हा तो बोस्टनच्या थंडीत टिकला.

डॉगवूडसाठी एवढं लांब जायला नको. आपल्या गावच्या रानात भरघोस फुलणारं झाड वसंतातच हेरून ठेवा. शरदात त्याची लाल फळं पक्ष्यांच्या आधी वेचा, गर धुऊन काढा आणि डबीवर त्या रानाचं नाव लिहा.