समीक्षकाच्या हाती कोणते इंजिन द्यायचे, हे ठरते कुठे?

अमेरिकेत पिकअप ट्रकचे एक नाव म्हणजे प्रत्यक्षात अनेक गाड्यांचे कुटुंब असते. शेव्हरोलेची सिल्व्हराडो १५०० चार इंजिनांत मिळते : २.७ लिटरचे चार सिलिंडरांचे टर्बो, ५.३ आणि ६.२ लिटरची दोन व्ही-८ आणि ३ लिटरचे डिझेल. त्यात केबिनचे आकार, हौद्याची लांबी आणि सजावटीच्या श्रेणी मिळवल्या की पर्यायांची संख्या भराभर वाढते. वाचकाच्या वाट्याला मात्र बहुधा एकाच प्रकारच्या गाडीचे परीक्षण येते : चामड्याची आसने, चारही चाकांना गती आणि यादीतील सर्वांत दमदार इंजिन.

याचे मूळ पत्रकारांसाठी राखलेल्या गाड्यांच्या ताफ्यात आहे. कंपन्या मोठ्या शहरांत असा ताफा ठेवतात. देखभाल बहुधा बाहेरच्या संस्थांकडे असते. विमा उतरवलेली, धुतलेली, टाकी भरलेली गाडी समीक्षकाच्या दारी येते आणि साधारण आठवड्याने परत जाते. या गाड्यांची मागणी कित्येक महिने आधी नोंदवली जाते आणि खरी निवड तिथेच होऊन जाते. ‘लहान इंजिन चालवू नका’ असे समीक्षकाला कोणी सांगत नाही. ते ताफ्यात नसते, एवढेच.

कंपनीचा हिशेब सरळ आहे. महाग श्रेणीत नफा अधिक, छायाचित्रे देखणी, आणि ज्या यंत्रणेवर नुकताच पैसा ओतला तिचीच चर्चा व्हायला हवी. रॅमने २०२५ च्या १५०० मधून हेमी व्ही-८ काढून ३ लिटरचे, दोन टर्बोंचे, सहा सिलिंडरांचे हरिकेन इंजिन आणले. एक ४२० अश्वशक्तीचे, दुसरे ५४० चे. मूळ श्रेणीत ३०५ अश्वशक्तीचे जुने व्ही-६ कायम होते, पण त्यात बातमी कसली? (ग्राहकांच्या आग्रहामुळे २०२६ साठी हेमी परत आले, ही गोष्ट वेगळी.)

यात सगळी लबाडीच आहे असे मानणे अन्यायाचे होईल. नव्या गाडीचे उत्पादन सुरू होताना महाग श्रेणी अनेकदा आधी बाहेर पडतात. समीक्षकही काही निरिच्छ नसतात. वेगवान गाडीचा लेख अधिक वाचला जातो, हे त्यांनाही कळते. आणि एखाद्या लहान इंजिनाविषयी ग्राहकांच्या मनात शंका असली, तर कंपनी तेच इंजिन आपणहून पुढे करते. तेव्हा चाचणीचा मार्गही विचारपूर्वक निवडता येतो : सुमारे १,६०० मीटर उंचीवरील डेन्व्हरसारख्या ठिकाणी विरळ हवेत साध्या इंजिनाची ताकद घटते, टर्बोची तितकी घटत नाही.

झळ बसते ती काम करणाऱ्या ग्राहकाला. बांधकामाचा कंत्राटदार मूळ श्रेणीतील गाडी घेतो. त्याने वाचलेला वेग, इंधनखर्च आणि ओढक्षमता दुसऱ्याच गाडीची असते. इंजिन तेच असले तरी मागील आसाचे गुणोत्तर ३.२१ आहे की ३.९२, यावर ट्रेलर ओढण्याची क्षमता बरीच बदलते. गंमत म्हणजे भार वाहण्यात पत्रकारांची सजलेली गाडीच मागे पडू शकते, कारण काचेचे छत आणि विजेवर हलणारी आसने यांचे वजन भारक्षमतेतूनच वजा होते. शिवाय भारासह ८,५०० पौंडांहून (सुमारे ३,८५० किलो) अधिक अनुज्ञेय वजनाच्या अवजड पिकअपना इंधनखर्चाचा सरकारी आकडा लावण्याचे बंधन नाही. तिथे ग्राहकाला समीक्षकाच्याच आकड्यावर विसंबावे लागते.

‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ आपली ओळख न देता विक्रेत्याकडून गाड्या विकत घेऊन तपासते, पण प्रत्येक इंजिनाची गाडी विकत घेणे तिलाही परवडणारे नाही. म्हणून जाणकार ग्राहक लेखातील तपशिलाच्या चौकटीत इंजिन, आसाचे गुणोत्तर आणि चाचणीच्या गाडीची किंमत आधी पाहतो, मग विक्रेत्याकडे जाऊन चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठी वाचतो. त्या विशिष्ट गाडीत माणसे आणि माल मिळून किती वजन चालते, ते तिथे छापलेले असते.