लेखांक ६ : संयुक्त अरब अमिराती – कपड्यांची धास्ती, डब्यातली खसखस

संयुक्त अरब अमिराती हे १९७१ साली स्थापन झालेले सात अमिरातींचे संघराज्य. फौजदारी कायदा मुख्यतः संघराज्याचा असला तरी प्रत्येक अमिरातीचे आपापले नियमही असतात. त्यामुळे दुबईत चालते ते शारजात चालेलच असे नाही. दुबईत परवाना असलेल्या हॉटेलांत एकवीस वर्षांवरील बिगरमुस्लिम पाहुण्याला मद्य मिळते. शारजात दारूबंदी आहे. ही दोन शहरे एकमेकांना इतकी खेटून आहेत की हद्द ओलांडल्याचे गाडीतल्या माणसाच्या लक्षातही येत नाही. गाडीत बाटली असेल तर हे अंगाशी येऊ शकते.

पर्यटकाला धास्ती असते ती कपड्यांची. त्या बाबतीत हा देश समजुतीपेक्षा बराच मोकळा आहे. किनाऱ्यावर पोहण्याचा पोशाख चालतो, मॉलमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत एवढीच अपेक्षा असते. अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीत मात्र स्त्रियांना डोक्यासह हातपाय झाकावे लागतात आणि पुरुषांना अर्ध्या चड्डीत प्रवेश मिळत नाही. अविवाहित जोडप्याने एकत्र राहणे २०२० च्या सुधारणांनंतर गुन्हा राहिलेले नाही, पण चारचौघांत चुंबन घेणे अजूनही महागात पडू शकते. रमजानात दुबईच्या उपाहारगृहांना पडदे लावण्याची सक्ती २०२१ पासून उरलेली नाही. तरी दिवसा रस्त्यात खाणे, पिणे, सिगारेट ओढणे टाळावे.

खरी अडचण होते ती बॅगेत. खसखस हे अफूच्या बोंडातले बी, म्हणून तिच्यावर तिथे बंदी आहे. दिवाळीत मराठी घरातून निघालेल्या डब्यात ती हमखास असते: करंजीच्या सारणात, डिंकाच्या लाडवात, आणि अनारशाच्या तर पाठीवरच, तपासनिसाला शोधावीही लागू नये अशी. तिळावर थापलेल्या अनारशाला कायद्याची हरकत नाही. औषधांचेही तसेच. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉलसारखे वेदनाशामक किंवा झोपेच्या काही गोळ्या न्यायच्या तर तिथल्या सरकारची परवानगी आधी घ्यावी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी आणि गोळ्या मूळ वेष्टनातच असाव्यात.

दुसरी अडचण खिशातल्या फोनची. परक्या माणसाचा, विशेषतः स्त्रीचा, विचारल्यावाचून फोटो काढणे हा गुन्हा आहे. विमानतळ आणि लष्करी जागांचे चित्रणही करू नये. व्हॉट्सॲपवरची शिवी आपल्याकडे भांडणात मोजतात. तिथे २०२१ च्या सायबर कायद्याखाली तिच्यासाठी अडीच ते पाच लाख दिरहम दंड किंवा तुरुंगवास होऊ शकतो.

प्रकरण पोलिसांत गेले की पासपोर्ट जप्त होऊ शकतो आणि निकाल लागेपर्यंत देश सोडता येत नाही. अशा वेळी भारतीय वकिलात अटकेतल्या माणसाची भेट घेते, घरच्यांना कळवते, वकिलांची यादी देते. खटल्यात मात्र तिला हात घालता येत नाही.