गादीवर बसणाऱ्यांनी पायांचाही हिशेब ठेवावा

आम्ही कापडवाले सकाळी मांडी घालून गादीवर बसतो ते जोहरच्या नमाजलाच उठतो. खरेदीसाठी सुरतेला निघालो की रात्रभर बसमध्ये पाय लोंबकळत. जरीकामाचा कारागीरही अड्ड्यापुढे तसाच तासन्‌तास बसलेला. धंद्याची ही बैठक पायांना महाग पडू शकते, म्हणून हे चार शब्द.

पायातले रक्त वर हृदयाकडे जाते ते पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर. पोटरी हलली नाही की रक्त मंदावते आणि खोलवरच्या शिरेत गुठळी धरू शकते. डॉक्टर या मर्जाला डीव्हीटी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जाहीर केलेल्या पाहणीनुसार चार तास किंवा अधिक वेळ बसून प्रवास केल्यास हा धोका सुमारे दुप्पट होतो. मग ते विमान असो, रेल्वे असो की बस. एरवी धोका थोडाच. पण मोठे ऑपरेशन, पायाला प्लास्टर, कर्करोग, बाळंतपण, लठ्ठपणा किंवा पूर्वीची गुठळी असेल तर तो वाढतो.

एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे, कातडी गरम व लाल होणे, ही खूण. अशा पायाला मालिश करू नये. गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतते. अचानक धाप लागली, छातीत कळ आली किंवा थुंकीतून रक्त पडले, तर दुकान तसेच टाकून इस्पितळ गाठावे.

निदान अवघड नाही. डॉप्लर सोनोग्राफीत शीर दाबून पाहतात. दबली नाही तर आत गुठळी आहे असे समजतात. डी-डायमर ही रक्ततपासणीही मदतीला असते.

इलाज म्हणजे रक्त पातळ ठेवणारी औषधे, साधारण किमान तीन महिने. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत. वॉरफेरिन चालू असेल तर आयएनआर तपासणी वेळेवर करावी आणि अंगदुखीची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

एक प्रश्न आपल्या लोकांच्या मनात येतो. हेपारिनचे इंजेक्शन बहुधा डुकराच्या आतड्यापासून बनते, हे खरे आहे. फोंडापॅरिनक्स हे इंजेक्शन आणि रिव्हारोक्साबॅन, एपिक्साबॅन या गोळ्या मात्र रासायनिक पद्धतीने बनतात. आपल्या रोग्याला त्या चालतील का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. पण जीव धोक्यात असताना इलाज अडवून धरू नये. जान वाचवण्यासाठी शरीअतने मजबुरीची सवलत दिलेली आहे.

परहेज बिनखर्ची आहे. तासाभराने उठून चार पावले चालावे, बसल्या जागी टाचा-चवडे हलवावेत, पाणी प्यावे. ऑपरेशन ठरले असेल तर गुठळीची काळजी कशी घेणार, हे आधीच विचारून घ्यावे. गिऱ्हाईक दोन मिनिटे थांबेल, पण सुजलेल्या पायाला थांबवून ठेवू नये.