पेन्सिल सेलवरचा कॅमेरा

२००३ साली कॅननचा ‘पॉवरशॉट ए७०’ बाजारात आला. ३.२ मेगापिक्सेल, तीनपट झूम आणि चालवायला चार पेन्सिल सेल. त्याच कंपनीचे ‘इक्सस’ कॅमेरे तेव्हा शर्टाच्या खिशात मावायचे आणि स्वतःच्या खास बॅटरीवर चालायचे. त्यांच्या शेजारी ए मालिकेतले कॅमेरे जाडजूड दिसायचे, कारण उजव्या बाजूला सेलांसाठी जागा ठेवावी लागे. ही जाडी म्हणजे स्वस्ताईची खूण, असं तेव्हा मानलं गेलं. माझं मत उलट आहे. हे कॅमेरे आजही चालू करता येतात ते त्या सेलांमुळेच.

सुरुवातीला मात्र मालकांना सर्वांत जास्त रडवलं तेही सेलांनीच. भिंतीवरच्या घड्याळात वर्षभर पुरणारा साधा झिंक-कार्बन सेल या कॅमेऱ्यात मोजक्या फोटोंत मान टाकायचा. घड्याळाला अगदी थोडा प्रवाह लागतो. कॅमेऱ्यात लेन्स बाहेर काढणारी मोटर, पडदा आणि फ्लॅश यांना एकदम मोठा प्रवाह हवा असतो, आणि तो द्यायची ताकद त्या सेलात नसते. अल्कलाइन सेल थोडा बरा. खरा उपाय होता निकेल मेटल हायड्राइडचा रिचार्जेबल सेल. त्यावर १.५ऐवजी १.२ व्होल्ट लिहिलेलं पाहून लोक बिचकत, पण अंतर्गत रोध कमी असल्याने भार पडल्यावर तोच टिकून राहायचा. त्याची एकच खोड होती, ड्रॉवरमध्ये पडल्यापडल्या तो उतरायचा. २००५मध्ये सान्योने ‘एनेलूप’ आणला आणि तीही अडचण बरीचशी सुटली. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना याचं मोल लगेच कळतं. चार्जिंग संपलं तरी गडाच्या पायथ्याच्या टपरीवर पेन्सिल सेल मिळतो, आणि तेवढ्यावर माथ्यावरचे दोन-चार फोटो निघतात.

दुसरी तक्रार उशिराची. बटण दाबल्यावर कॅमेरा आधी फोकस शोधायचा आणि मग फोटो घ्यायचा. लग्नात अंतरपाट दूर होतो तो क्षण कितीतरी घरांच्या अल्बममध्ये नाही, ते यामुळेच. बटण अर्धं दाबून फोकस आधीच धरून ठेवायचा आणि वेळ आली की उरलेलं दाबायचं, ही युक्ती माहितीपुस्तिकेत लिहिलेली असे, पण ती वाचतो कोण? ज्यांना ती सवय जडली त्यांचे फोटो लगेच ओळखू येतात. फ्लॅशचंही तसंच. दोन सेलांच्या मॉडेलांत एकदा फ्लॅश उडाला की पुढच्यासाठी आठ-दहा सेकंद थांबावं लागे. पडदा बंद ठेवून वरच्या काचेच्या छोट्या खिडकीतून पाहिलं की सेल वाचायचे. मात्र त्या खिडकीत चौकटीचा सुमारे ८० टक्केच भाग दिसायचा. फोटोत न पाहिलेली माणसं कडेला येऊन उभी राहिली, त्यामागचं कारण हेच.

खरा मोठा दोष उघड झाला ऑक्टोबर २००५मध्ये. कॅनन, निकॉन, फुजीफिल्म अशा अनेक कंपन्यांनी एकापाठोपाठ सूचना काढल्या. या कॅमेऱ्यांमध्ये सोनीने बनवलेले सीसीडी सेन्सर होते आणि उष्ण, दमट हवेत त्यांच्या आतलं वायरिंग सुटत होतं. फोटो जांभळट आणि वेडेवाकडे येत, नाहीतर सगळंच काळं. ए७० आणि त्याच्यानंतरचा ए७५ हे दोन्ही त्या यादीत होते. कंपन्यांनी हमीची मुदत संपलेल्यांनाही मोफत दुरुस्ती दिली, आणि ते योग्यच होतं. मुंबईत किंवा कोकणात ‘उष्ण आणि दमट’ ही तर बारमाही परिस्थिती! म्हणून आज कुणी जुना ए७० विकायला आणला, तर आधी त्यावर एक फोटो काढून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

‘ई१८’ हा पडद्यावरचा संकेतही जुन्या मालकांच्या लक्षात असेल. लेन्स अर्धवट बाहेर येऊन अडकली की तो दिसायचा. वाळूचा एखादा कण किंवा चालू अवस्थेत बसलेला धक्का एवढंही त्याला पुरत असे. सेलांच्या झाकणाची प्लास्टिकची खिट्टी तुटणं हाही नेहमीचा आजार. त्यावर लोकांनी रबरबँड, चिकटपट्टी असे उपाय शोधले, आणि ते वर्षानुवर्षं चालले.

पण मालकांनी या यंत्राकडून करून घेतलेलं सर्वांत विलक्षण काम वेगळंच आहे. काही हौशी प्रोग्रामरांनी कॅननच्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांसाठी ‘सीएचडीके’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर तयार केलं. ते कार्डावरून चालतं आणि कॅमेऱ्यातली मूळ प्रणाली तशीच राहते. त्यातून कच्च्या स्वरूपातल्या फाइल्स मिळू लागल्या, ठरावीक अंतराने आपोआप फोटो घेता येऊ लागले, हालचाल ओळखून वीजही टिपता येऊ लागली. २ सप्टेंबर २००९ रोजी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी असाच एक ए४७० थर्माकोलच्या पेटीत घालून फुग्याला बांधला. तो सुमारे २८ किलोमीटर उंचीवर गेला आणि पृथ्वीची वक्र कड व वरचं काळं आकाश टिपून परतला. सगळा खर्च जेमतेम १५० डॉलर. हा ए४७०ही दोन पेन्सिल सेलांवर चालणाराच.

मोबाइलने हा बाजार किती संपवला, ते जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांत दिसतं. २०१०मध्ये सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. त्यांतले बहुतेक कॉम्पॅक्ट होते. २०२३मध्ये कॉम्पॅक्ट उरले जेमतेम १७ लाख. २०२४मध्ये हा आकडा पुन्हा थोडा वर चढला, कारण तरुण मुलं हे कॅमेरे शोधू लागली आहेत. ‘सीसीडीचे रंग’ असा त्यांचा शब्द. सेन्सर स्वतः रंग ओळखत नाही. रंग ठरतो त्यावरच्या फिल्टरने आणि आतल्या प्रोसेसरने. त्यांना आवडणारा तो चेहरा बराचसा समोरून पडलेल्या फ्लॅशचा आहे. तरी त्यांची ओढ मला खोटी वाटत नाही. फोटो काढायलाच हातात घेतलेली वस्तू माणसाला समोर नीट पाहायला लावते.

घ्यायचाच असेल तर मी ए५७० आयएस सुचवेन. २००७चं मॉडेल, ७.१ मेगापिक्सेल, हात हलला तरी सावरणारी लेन्स, शटर आणि छिद्र स्वतः ठरवायची सोय, दोन पेन्सिल सेल. ए५२०सारख्या त्याआधीच्या मॉडेलांत ४ जीबीचं कार्ड चालत नाही, २ जीबी किंवा त्याहून लहान शोधावं लागतं. बंद पडलेला कॅमेरा घरी उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असू शकतात. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून तो चामड्याच्या पाऊचऐवजी सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट डब्यात ठेवा.

आणि घरात असा कॅमेरा आधीपासून पडून असेल, तर आजच त्यातले सेल काढा. गळलेला सेल पत्र्याचे संपर्क खाऊन टाकतो. मग कार्ड बाहेर काढून त्यावरचे फोटो दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या. स्टुडिओतून मारून आणलेल्या सीडीही त्याच दिवशी कॉपी करा, कारण त्यांचा थर उडायला लागला की त्यांतलं काही परत मिळत नाही.